सूर्य सर्वांचा, गच्ची मोजक्यांची

सूर्यप्रकाशावर कोणाचीही मालकी नाही, असे म्हणण्याची प्रथा आहे आणि ते खरेही आहे. परंतु त्या प्रकाशापासून वीज निर्माण करावयाची म्हटले की, तो ज्या पृष्ठभागावर पडतो त्याच्या मालकीचा प्रश्न तत्काळ उभा राहतो. ऊन सर्वांच्या डोक्यावर सारखेच तापते. गच्ची मात्र सर्वांच्या डोक्यावर नसते. अपारंपरिक ऊर्जेच्या प्रसाराची जी धोरणे गेल्या काही वर्षांत आखली गेली, त्यांच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली. तथापि या एका साध्या वस्तुस्थितीकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले गेलेले नाही.

‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. एक कोटी घरांवर सौरसंच बसविण्याचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, असे तिचे स्वरूप ठरविण्यात आले. घरगुती ग्राहकास पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटमागे ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, म्हणजे एकूण कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान त्यात आहे. उरलेल्या रकमेसाठी बँकांकडून सवलतीचे कर्जही मिळू शकते. योजनेचा हेतू निःसंशय चांगला आहे आणि ज्यांना तिचा लाभ झाला त्यांची बिले खरोखरच खाली आली आहेत. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आले, ही घटना कौतुकास्पदच म्हटली पाहिजे.

पण मान्याचीवाडीत हे का शक्य झाले, याचाही विचार करावयास हवा. खेड्यात घर लहान असो वा मोठे, ते बहुधा स्वतःचे असते आणि त्यावरचे छप्परही स्वतःचे असते. शेजारच्या इमारतीची सावली त्यावर पडत नाही. शिवाय गाव लहान असेल तर लोक एकत्र बसून निर्णय घेऊ शकतात. यांपैकी एकही गोष्ट शहरातील सामान्य कुटुंबाविषयी गृहीत धरता येत नाही. वैयक्तिक अनुदानाची योजना न बोलता तीन अटी घालीत असते : छप्पर आपले असावे, अनुदान हाती येईपर्यंत खर्च करण्याइतकी पुंजी किंवा पत असावी, आणि त्याच घरात पुढील पंधरावीस वर्षे राहण्याची शाश्वती असावी. या तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या करणारा वर्ग कोणता, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राच्या अभ्यासाची गरज नाही.

छप्पर नसलेले कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार भारताच्या शहरी भागातील सुमारे २७ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्याच गणनेनुसार बृहन्मुंबईची जवळजवळ ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत होती. भाडेकरूने घरमालकाच्या गच्चीवर संच बसवावा तर घरमालक परवानगी देत नाही. दिली तरी अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस पंचवीस वर्षे टिकणाऱ्या वस्तूत पैसे का गुंतवील? चाळीतील खोलीधारकाचे तर छप्परच सामायिक. झोपडीचा पत्रा पॅनेलचे वजन पेलील की नाही, याचीच शंका. बदलीच्या नोकरीतील शिक्षक, गावाहून शिकावयास आलेले व चौघांत एक खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, निवृत्तीपर्यंत सरकारी वसाहतीत दिवस काढणारा कारकून, हे सारे वीज वापरतात, बिल भरतात, करही भरतात; परंतु अनुदान घेण्यास लागणारे छप्पर यांच्यापाशी नाही.

ज्यांनी कर्ज काढून स्वतःची सदनिका घेतली, त्यांची स्थिती तरी कितीशी बरी आहे? महाराष्ट्रातील असंख्य गृहनिर्माण संस्थांच्या नावे जमीन व इमारत अद्याप झालेलीच नाही. विकासकाने अभिहस्तांतरण करून द्यावे, अशी तरतूद १९६३ च्या कायद्यात होती. ते होत नाही असे दिसल्यावर २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची वाट मोकळी करण्यात आली. तरीही प्रकरणे रेंगाळतात. गच्ची नेमकी कोणाची, हाच जेथे वाद, तेथे तिच्यावर संच कोणी बसवावयाचा?

मालकीचा वाद मिटला, असे घटकाभर धरले, तरी भूमितीचा प्रश्न उरतोच. एक किलोवॅटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते. दहा मजल्यांची, प्रत्येक मजल्यावर चार सदनिका असलेली इमारत घ्या. पाण्याची टाकी, जिन्याचा माथा, लिफ्टची खोली आणि शेजारच्या मनोऱ्याची सावली वजा जाता १,५०० चौरस फूट जागा मिळाली, तर १५ किलोवॅटचा संच बसेल. चाळीस कुटुंबांत तो वाटला तर प्रत्येकाच्या वाट्यास अर्धा किलोवॅटही येत नाही. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांवरच त्यातील बहुतेक वीज खर्च होईल. बंगल्याची गच्ची एका कुटुंबास पुरून उरते. मनोऱ्याची गच्ची चाळीस कुटुंबांना पुरत नाही. जेथे माणसे दाटीने राहतात तेथे दरडोई छप्पर कमी पडते, आणि दाटीने राहणारी माणसे बहुधा कमी उत्पन्नाचीच असतात.

लाभ नाही, वर भुर्दंड

येथपर्यंतचा युक्तिवाद एवढाच की काहींना लाभ मिळतो आणि काहींना मिळत नाही. तेवढेच असते तर धोरणाची अपूर्णता म्हणून ते चालवून घेता आले असते. परंतु प्रश्न याहून गंभीर आहे.

आपल्याकडील वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत जातात. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्यास कमी दर आणि अधिक वापरणाऱ्यास चढता दर, अशी रचना आहे. मोठा ग्राहक खर्चाहून अधिक देतो, लहान ग्राहक खर्चाहून कमी देतो, आणि मोठ्याच्या जादा पैशातून लहानाची तूट भरून निघते. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. आता जो ग्राहक महिन्यास चारशे-पाचशे युनिटे वापरतो, त्यालाच सौरसंच सर्वांत फायदेशीर पडतो. कारण त्याचे वाचणारे युनिट सर्वांत महाग असते. तो साहजिकच प्रथम संच बसवितो. त्याचे बिल जवळजवळ शून्यावर येते. परंतु रात्री त्याला वीज पुरविणाऱ्या तारा, रोहित्रे, उपकेंद्रे आणि कर्मचारी यांचा खर्च काही शून्यावर येत नाही. तो खर्च उरलेल्या ग्राहकांतच वाटला जातो, आणि त्या उरलेल्यांत छप्पर नसलेला ग्राहक असतोच.

म्हणजे ज्याच्याजवळ गच्ची नाही, तो सवलतीस मुकतो एवढेच नव्हे; गच्चीवाल्याने मोकळ्या केलेल्या ओझ्यातील काही वाटा कालांतराने त्याच्याच खांद्यावर येतो. अनुदान जाते ते त्याने भरलेल्या करातून, आणि तूट भरली जाते ती त्याच्या वीजबिलातून. यास्तव छतावरील सौरऊर्जा बंद करा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो काढण्यास काही वितरण कंपन्या उत्सुक असतीलही. परंतु दूध नासले म्हणून गाय विकावयाची नसते. खरा निष्कर्ष असा की, या ऊर्जेच्या मालकीत छप्पर नसलेल्यांनाही शिरकाव मिळाला पाहिजे.

छपराऐवजी हिस्सा

हा शिरकाव कसा मिळावा, याचे उत्तर तांत्रिक दृष्ट्या मुळीच अवघड नाही. विजेला घराचा पत्ता ठाऊक नसतो. गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर, शाळेच्या छपरावर, बाजार समितीच्या गोदामावर किंवा एस.टी.च्या आगारावर निर्माण झालेली वीज एकदा जाळ्यात शिरली की, ती कोणाची हे केवळ हिशेबाच्या वहीतच ठरते. तेव्हा पाचशे कुटुंबांनी मिळून एक सौरप्रकल्प उभारावा, त्याची वीज वितरण कंपनीच्या जाळ्यात सोडावी आणि ज्याचा जितका हिस्सा, तितकी युनिटे त्याच्या मासिक बिलातून वजा व्हावीत, एवढीच ही कल्पना. तिला आभासी नेट मीटरिंग असे काहीसे बोजड नाव आहे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सूर्यघर योजनेच्या सूचनांतही या पद्धतीस जागा ठेवलेली आहे. म्हणजे दार बंद नाही. परंतु दारापर्यंत जाणारी पायवाट सामान्य माणसाला कोणी दाखवीत नाही.

ही केवळ कागदावरची कल्पना नव्हे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या समोरच्या समुद्रात २००० साली मिडलग्रुंडेन येथे वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. एकूण क्षमता ४० मेगावॅट. त्यांपैकी निम्म्या एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या आणि तिचे आठ हजारांहून अधिक सभासद होते. वर्षाला सुमारे १,००० युनिटांचे उत्पादन म्हणजे एक भाग, असा हिशेब ठेवून ४०,५०० भाग विकण्यात आले. ज्याच्या घराला अंगण नाही, अशा सदनिकाधारकालाही पवनचक्कीचा मालक होता आले. जवळचे उदाहरण हवे असेल तर गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावाचे आहे. तेथे २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली. सिंचनाची गरज भागल्यावर उरणारी वीज ते वीज कंपनीला विकू लागले. विजेचे पीक म्हणून तिचा उल्लेख होऊ लागला, तो अन्वर्थकच होता.

पैसा कोठून आणावयाचा?

हिस्सा घ्यावयाचा म्हटला तरी त्याला पैसे लागतातच, आणि ज्याच्याजवळ छप्पर नाही त्याच्याजवळ पुंजी तरी कोठून असणार? येथे महाराष्ट्राने बाहेरच्या कोणाकडे पाहण्याचे कारण नाही. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी जेव्हा सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हाही हाच प्रश्न विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यापुढे होता. कोरडवाहू जमिनीचे लहान तुकडे कसणाऱ्या, सावकाराच्या वहीत नाव असलेल्या शेतकऱ्यांनी कारखान्याचे मालक व्हावे कसे? सहकारी कारखानदारीने पुढे जे उत्तर रूढ केले ते साधे होते : ऊसबिलातून थोडी थोडी कपात. सभासदाने एकरकमी भांडवल आणावयाचे नाही. जे उत्पन्न त्याच्या सहभागातून निर्माण होते, त्यातूनच त्याचे भांडवल उभे राहावयाचे.

वीजबिलाच्या बाबतीत हीच युक्ति उलट दिशेने लावता येते. महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाला एक किलोवॅटचा हिस्सा पुरेसा होतो. महाराष्ट्रात एक किलोवॅटचा संच वर्षाला साधारण १,४०० युनिटे देतो. खर्च ५० हजार रुपये धरू आणि वैयक्तिक ग्राहकास मिळते तेवढेच ३० हजारांचे अनुदान या हिश्शालाही मिळते असे मानू. उरले २० हजार. सात टक्के व्याजाने आठ वर्षांत ते फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता पावणेतीनशे रुपयांच्या आसपास येतो. आता वर्षाच्या १,४०० युनिटांना वितरण कंपनीने युनिटामागे अवघे चार रुपये जमा दिले, तरी महिन्याला ४६० रुपयांहून अधिक रक्कम बिलातून वजा होते. हप्ता, देखभाल आणि वहन आकार भागवून पहिल्या महिन्यापासून थोडी का होईना बचत, आणि आठ वर्षांनंतर हप्ता संपला की जवळजवळ सारीच रक्कम पदरात. खिशातून आगाऊ दमडीही काढावी लागत नाही. हप्ता बिलातच वळता होत असल्यामुळे बँकेलाही बुडिताची भीती कमी.

या गणितातील कळीचा आकडा आहे अनुदानाचा. सध्याच्या रचनेत बंगलेवाल्याला पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार मिळतात; गृहनिर्माण संस्थेने सामायिक सोयींसाठी संच बसविला तर किलोवॅटमागे १८ हजार. मोठा संच स्वस्त पडतो, हे त्याचे समर्थन केले जाते आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु अनुदानाचे प्रयोजन यंत्राची किंमत भरून देणे हे नसून, ज्याची ऐपत नाही त्याला ऐपतदाराच्या बरोबरीने उभे करणे हे असेल, तर एकट्याला अधिक आणि सामुदायिकाला कमी, हा क्रम उलटविला पाहिजे. अल्प वापराच्या ग्राहकांना जादा अनुदान देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये घेतला, हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल होय. मात्र तेही छपराशीच बांधलेले राहिले, तर गरिबांतील छप्पर नसलेले गरीब पुन्हा बाहेरच राहतील.

मुळा-प्रवरेचा धडा

सहकाराचे नाव काढले की, महाराष्ट्रातील सुबुद्ध वाचकाच्या कपाळावर आठी उमटते आणि ती अकारण नसते. विजेच्या क्षेत्रात तर याच प्रांतातील अनुभव ताजा आहे. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणासाठी ज्या मोजक्या वीज सहकारी संस्था देशात प्रायोगिक स्वरूपात उभ्या करण्यात आल्या, त्यांत अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा संस्था एक होती. तारा खेड्यापाड्यांत पोहोचविण्याचे काम तिने केले. पण पुढे घेतलेल्या विजेचे पैसे देण्यात ती मागे पडत गेली, थकबाकीचा डोंगर उभा राहिला आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपून तो भाग महावितरणकडे गेला. जन्म सहकारात झाला म्हणून हिशेब माफ होत नाही, हे त्या प्रकरणाने शिकविले.

तथापि त्याच पिढीतील सगळ्याच संस्था बुडाल्या नाहीत. कर्नाटकातील हुक्केरी आणि तेलंगणातील सिरसिल्ला येथील वीज सहकारी संस्था पुढेही चालत राहिल्या. तेव्हा दोष सहकाराच्या तत्त्वात नसून त्याच्या व्यवस्थेत शोधला पाहिजे. शिवाय दोन्हींत एक मूलभूत भेदही आहे. मुळा-प्रवरा संस्थेला वीज विकत घेऊन ती विकावी लागे. वसुली हे तिचे काम होते आणि वसुलीच्या आड मतांचे राजकारण येत असे. सौरहिश्शाच्या संस्थेला कोणाच्याही दारात वसुलीसाठी जावे लागत नाही. तिची वीज मीटरवर मोजली जाते, वाटणी आधी ठरलेल्या प्रमाणात होते आणि जमा थेट बिलात पडते. संचालक मंडळाच्या हाती मनमानी करण्यास जितके कमी उरेल, तितकी संस्था दीर्घायुषी होईल. प्रत्येक कुटुंबाच्या हिश्शाला कमाल मर्यादा, एका सभासदास एक मत, दरमहा निर्माण झालेल्या युनिटांचा फलक सर्वांना दिसेल असा, आणि घर बदलले तरी हिस्सा नव्या मीटरकडे नेण्याची किंवा विकण्याची मुभा, एवढी पथ्ये पाळली तरी बरेच अनर्थ टळतील. शेवटचे पथ्य भाडेकरूच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे. कारण त्याचे घर फिरते असले तरी त्याचा हिस्सा स्थिर राहू शकतो.

आक्षेप आणि उत्तर

वितरण कंपन्यांचा आक्षेप असा की, ऊन दुपारी आणि मागणी संध्याकाळी. दुपारचे स्वस्त युनिट घेऊन संध्याकाळचे महाग युनिट द्यावयाचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार आम्ही का करावा? आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु त्याचे उत्तर योग्य दर ठरविण्यात आहे, नकार देण्यात नाही. सामायिक प्रकल्पाच्या युनिटाला वेळेनुसार मोल द्यावे, तारांच्या वापराचा वाजवी वहन आकार घ्यावा. वर ज्या चार रुपयांचा हिशेब केला तो याचसाठी मुद्दाम कमी धरला आहे. गच्चीवाल्याला युनिटास युनिट अशी पूर्ण वजावट देणारी व्यवस्था, हिस्सेदाराने कमी मोल घेण्यासही तयारी दाखविली असता, तारांचे भाडे पुढे करून त्याची वाट अडवू लागली, तर तिचा आक्षेप अर्थशास्त्रीय आहे असे कोणी मानणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, गरिबाचे वीजबिल मुळातच सवलतीचे आहे; त्याला या खटाटोपातून मिळणार तरी किती? आज कमी मिळेल, हे खरे. परंतु सवलत दर अंदाजपत्रकात नव्याने मागावी लागते आणि मालकी एकदाच मिळवावी लागते. सवलत देणारा हात ती काढूनही घेऊ शकतो. हिस्सा काढून घेता येत नाही. शासनालाही यात तोटा नाही, कारण वर्षानुवर्षे द्यावयाच्या सवलतीऐवजी एकदाच भांडवल दिले की त्याचा बोजा पुढे हलका होत जातो.

सारांश, राज्याच्या वीज नियामक आयोगाने सामायिक प्रकल्पांचे नियम सोपे व निश्चित करावेत, सार्वजनिक इमारतींची छपरे व पडीक जमिनी नाममात्र भाड्याने त्यांना द्याव्यात, अनुदान छपराला न देता कुटुंबाला द्यावे आणि हप्ता बिलातून वळता करण्याची सोय वितरण कंपन्यांवर बंधनकारक करावी. यांत क्रांतिकारक असे काहीच नाही. विजेचे जाळे सार्वजनिक पैशातून उभे राहिले, अनुदानही सार्वजनिक पैशातून दिले जाते आणि ऊन तर कोणाच्याच पैशाचे नाही. अशा तीन सार्वजनिक गोष्टी एकत्र आल्यावर जे निर्माण होते, ते मात्र मोजक्या गच्च्यांच्या धन्यांचे व्हावे, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नाही, आणि टिकू देणे शहाणपणाचेही नाही. पंचवीस वर्षांच्या आयुष्याचे संच आज बसत आहेत. म्हणजे मालकीची जी वाटणी आज होईल, तीच आजच्या विद्यार्थ्याला त्याच्या प्रौढ वयात भोगावी लागेल. तो त्या वेळी भाड्याच्या खोलीत राहत असला तरी त्याच्या वीजबिलावर त्याच्या वाट्याचे ऊन जमा दिसावे, एवढीच अपेक्षा आहे.